ग्लोबालीक्स: सोळा आकड्यांची पावती आणि तिच्यामागची माणसं

खरेदी विभागातल्या कारकुनासमोर एकाच कामासाठी आलेली तीन कोटेशनं आहेत. कंपन्यांची नावं तीन, पण फोन नंबर एकच, आणि 'वाहतूक' शब्दातली ऱ्हस्व-दीर्घाची चूकही तिन्हींत सारखी. हे गैर आहे हे कळायला त्याला आचारसंहिता उघडून बसावं लागत नाही. त्याचं घोडं पुढं अडतं. सांगायचं कुणाला? साहेबांचाच यात वाटा असेल तर? आणि आपलं नाव फुटलं तर?

ग्लोबालीक्स हे सॉफ्टवेअर नेमकं या अडलेल्या जागेसाठी आहे. संस्थेत काम करणारा किंवा संस्थेशी काम पडणारा कुणीही वेबसाइटवरून नाव न देता माहिती कळवतो, कागदपत्रं जोडतो, आणि आधीपासून नेमलेली मोजकी माणसंच ती वाचू शकतात. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इटलीतल्या हर्मीस सेंटर या संस्थेच्या मंडळींनी ते उभं केलं. एजीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स असल्यानं वापराचे पैसे पडत नाहीत आणि सोर्स कोड कुणालाही तपासता येतो. बार्सिलोना महापालिकेनं २०१७ मध्ये सुरू केलेली 'नैतिक पेटी' यावरच उभी राहिली. इटलीच्या भ्रष्टाचारविरोधी प्राधिकरणानंही आपली व्यवस्था याच पायावर बांधली.

मत आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअर म्हणून ग्लोबालीक्स उत्तम आहे आणि मध्यम आकाराच्या फर्मपासून महापालिकेपर्यंत कुणालाही पेलणारं आहे. पण निम्मं काम बसवणाऱ्याच्या हातात आहे. ते निम्मं नीट झालं नाही तर हे साधन नसलेलं बरं, कारण भरवशावर माणूस मोकळेपणानं लिहितो आणि त्याची ओळख भलत्याच फटीतून बाहेर पडते. अशी एक घटना घडली की पुढची कित्येक वर्षं त्या संस्थेत कुणी तोंड उघडत नाही.

कळवणाऱ्याच्या बाजूनं

पान साधं आहे. एक बटण, मग प्रश्न, मग फाइली जोडायची जागा. माहिती पाठवली की पडद्यावर सोळा आकड्यांची पावती येते. खातं नाही, ईमेल नाही, मोबाइलवर ओटीपी नाही. पुन्हा त्याच पानावर येऊन हे सोळा आकडे टाकले की आपली तक्रार उघडते, चौकशी करणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न दिसतात, उत्तर देता येतं, नवी कागदपत्रं जोडता येतात. नाव न सांगता दोन्ही बाजूंनी बोलणं चालू राहतं. कागदी निनावी पत्रात हे कधीच जमत नाही. तिथं 'कुठल्या महिन्याचं बिल?' एवढं एक विचारायचं राहिलं की प्रकरण फायलीत बंद होतं.

पावती हरवली तर परत मिळत नाही. 'विसरलात का?' असा दुवा इथं नाही आणि तो नसणंच योग्य आहे, कारण परत मिळवण्याची कोणतीही सोय म्हणजे ओळखीचा एक धागा. पण याची किंमत मोजावी लागते. पावती जपून ठेवायची आहे हे लोकांच्या ध्यानातच येत नाही, ते खिडकी बंद करतात आणि तक्रार पोरकी होते. त्यामुळं शेवटच्या पानावरचा मजकूर आपल्या भाषेत, मोठ्या अक्षरात, स्वतः लिहून घ्यावा: 'हे सोळा आकडे कागदावर लिहून घ्या. ऑफिसच्या मोबाइलमध्ये किंवा ऑफिसच्या मेलवर ठेवू नका. सात दिवसांनी इथं परत या, तुमच्यासाठी निरोप असेल.' ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. परत यायचंय हे सांगितलंच नाही तर माणूस परत येत नाही.

बसवताना

लिनक्स जाणणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. डेबियन या लिनक्सचा स्वच्छ सर्व्हर घ्यायचा, इन्स्टॉलेशनची स्क्रिप्ट चालवायची, मग ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या विझार्डमध्ये भाषा, प्रकल्पाचं नाव, ॲडमिनचं खातं आणि पहिल्या वाचकाचं खातं भरायचं. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून पॅनेलमधूनच घेता येतं. टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरचा ओनियन पत्ताही सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं. अर्ध्या दिवसाचं काम.

चुका होतात त्या आजूबाजूच्या गोष्टींत. ग्लोबालीक्स स्वतः भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता नोंदवत नाही. पण सवयीनं आयटीवाले पुढं एनजिनएक्सचा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे भेट आत पोचवणारा मधला सर्व्हर, लावतात किंवा साइट बाहेरच्या सीडीएनमागं, म्हणजे पानं पोचवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरांमागं, ठेवतात. तिथल्या लॉगमध्ये प्रत्येक आयपी वेळेसकट बसतो. आत कुलूप पक्कं आणि उंबरठ्यावर हजेरीवही, असा प्रकार होतो. सर्व्हर थेट ठेवावा, मध्ये काही नको. भेटी मोजणारी कुठलीही स्क्रिप्ट पानावर टाकू नये.

दुसरी चूक इंट्रानेटवर, म्हणजे संस्थेच्या आतल्या वेबसाइटवर, दुवा देण्याची. कर्मचारी लॉगिन करून इंट्रानेटवर येतो, 'गैरप्रकार कळवा' या दुव्यावर टिचकी मारतो, आणि ही टिचकी त्याच्या नावासह नोंदली जाते. पत्ता छापील सूचनेवर द्यावा, क्यूआर कोडसह, प्रत्येक मजल्यावर. जिन्यात, पाण्याच्या जागी, जिथं कॅमेरा नाही अशा ठिकाणीही. आणि त्या सूचनेवरच स्पष्ट लिहावं की ऑफिसचा संगणक किंवा ऑफिसचं वायफाय वापरू नका. कित्येक संस्थांत इंटरनेटवर बाहेर जाणारी सगळी माहिती प्रॉक्सीतून उलगडून पाहिली जाते. तिथं वेबसाइटची सुरक्षितता कामाला येत नाही, कारण पाहणारा मधेच बसलेला असतो. घरच्या फोनवरून, शक्य असेल तर टॉर ब्राउझरमधून, एवढं सांगितलं तरी मोठा धोका टळतो.

सर्व्हर कुणाच्या ताब्यात असावा हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण मुळात तो हितसंबंधांचा आहे. तक्रार आयटी विभागाच्या खरेदीबद्दलच असेल आणि सर्व्हर त्याच विभागाकडे असेल, तर ते कुंपणानंच शेत खाण्यासारखं झालं. शक्य असेल तिथं सर्व्हर बाहेरच्या, संस्थेशी दुसरा कोणताही व्यवहार नसलेल्या माणसाकडं द्यावा.

चार भूमिका, चार माणसं

सॉफ्टवेअरमध्ये भूमिका वेगळ्या केलेल्या आहेत आणि ही त्याची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू आहे. ॲडमिन यंत्रणा चालवतो, पण तक्रारी त्याला दिसत नाहीत. वाचक, म्हणजे रेसिपियंट, तक्रारी वाचतो आणि उत्तरं देतो. ॲनालिस्टला फक्त आकडेवारी दिसते. आणि चौथा कस्टोडियन. कळवणाऱ्यानं स्वखुशीनं नाव दिलं असेल तर ते वेगळ्या कप्प्यात ठेवता येतं. वाचकाला ते हवं असल्यास कारण लिहून मागावं लागतं, आणि कस्टोडियननं मंजुरी दिली तरच तो कप्पा उघडतो. मागणी आणि कारण दोन्हींची नोंद राहते.

कागदावर हे झकास आहे. प्रत्यक्षात लहान संस्था एकाच व्यवस्थापकाला ॲडमिन, वाचक आणि कस्टोडियन करून टाकतात, आणि आपलीच परवानगी आपणच घ्यायची असा खेळ होतो. तसं करायचं असेल तर कस्टोडियनची सोय बंदच ठेवावी आणि फॉर्मवर खरं लिहावं की नाव दिल्यास ते वाचणाऱ्याला लगेच दिसेल. नसलेल्या संरक्षणाचा भास निर्माण करणं ही स्वतःच अनैतिक गोष्ट आहे.

वाचक किमान दोन हवेत, तीन असले तर उत्तम, आणि तिघं एकाच वरिष्ठाच्या हाताखालचे नकोत. एक कायदा जाणणारा, एक हिशेब जाणणारा, एक मनुष्यबळ विभागाबाहेरचा. मनुष्यबळ विभाग पूर्ण वगळा असं म्हणणं नाही. पण निम्म्याहून जास्त तक्रारी ज्यांच्या बदल्या-बढत्या त्या विभागाच्या हातात आहेत अशांकडून येणार, हे धरून चालावं.

तक्रार वाचकाविरुद्धच असेल तर? सेटिंगमध्ये 'कळवणाऱ्याला वाचक निवडू द्या' असा पर्याय आहे. तो चालू ठेवावा. प्रत्येक वाचकाचं नाव, हुद्दा आणि दोन ओळींत ओळख द्यावी, म्हणजे ज्याच्याबद्दल संशय आहे त्याची खूण काढून टाकता येते. नुसतं 'दक्षता समिती' असं लिहिलेलं असलं की माणसाला आत कोण बसलंय ते कळत नाही आणि तो लिहीतच नाही. ज्याची खूण काढली त्याला ती तक्रार दिसत नाही. पण उरलेल्या दोघांनीही ती त्याच्याकडं बोलायची नाही, हे वाचकांकडून आधीच लेखी घ्यावं. वाचकाचा आरोपीशी नात्याचा, मैत्रीचा किंवा पैशाचा संबंध असेल तर त्यानं चोवीस तासांत बाजूला व्हायचं, हेही त्याच कागदावर.

आता किल्ल्यांबद्दल. तक्रारी एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, साठतात आणि वाचकाच्या पासवर्डशी त्यांची किल्ली बांधलेली असते. प्रत्येक वाचकाला एक रिकव्हरी की मिळते, ती छापून बंद पाकिटात, तिजोरीत. ॲडमिनला की एस्क्रोचा, म्हणजे किल्लीची राखीव प्रत वापरण्याचा, अधिकार दिला तर पासवर्ड विसरलेल्या वाचकाला तो पुन्हा आत आणू शकतो. पण मग मनात आणलं तर तो स्वतःही त्या खात्यात शिरू शकतो. एस्क्रो बंद ठेवला आणि रिकव्हरी की हरवली, तर त्या वाचकासाठी तक्रारी कायमच्या गेल्या. तीन वाचक असतील आणि तिघांच्या किल्ल्या नीट जपलेल्या असतील, तर एस्क्रो बंद ठेवण्याकडं माझा स्पष्ट कल आहे. दुपदरी लॉगिन, म्हणजे पासवर्डबरोबर दुसरा कोडही मागणारं, मात्र सगळ्यांना सक्तीचं.

प्रश्नावली

सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. सोबत येणारी मूळ प्रश्नावली चालू शकते, पण आपल्या कामाला बेतून घेतल्याशिवाय उपयोग नाही. लहान उत्तर, मोठं उत्तर, पर्याय, तारीख, फाइल असे प्रकार आहेत, आणि एका उत्तरावर दुसरा प्रश्न उघडेल अशी जोडणीही करता येते.

नाव फुटतं ते बहुतेक वेळा प्रश्नांतून. 'तुमचा विभाग?', 'तुमचं पद?', 'संस्थेत किती वर्षं?' हे तीन प्रश्न एकत्र आले की दोनशे माणसांच्या संस्थेत उत्तर देणारा एकच उरतो. हे प्रश्न आकडेवारीच्या हौसेपोटी घातले जातात. ते काढून टाकावेत. त्याऐवजी विचारावं: 'ही गोष्ट तुमच्याखेरीज आणखी किती जणांना माहीत असू शकते?' आणि पर्याय द्यावेत: फक्त मला, दोन ते पाच, त्याहून जास्त, सांगता येत नाही. 'फक्त मला' निवडलं की खाली एक सूचना उघडावी: 'या माहितीवरून तुमची ओळख पटू शकते. आम्ही कोणतंही पाऊल उचलण्याआधी तुम्हाला इथं विचारू, तोपर्यंत थांबू.' आणि ते वचन पाळावं.

दुसरा कळीचा प्रश्न माहितीच्या जातीचा. मी स्वतः पाहिलं, कागद माझ्या हातात आला, दुसऱ्यानं सांगितलं, मला अंदाज आहे, असे चार पर्याय. प्रत्येक मुद्द्यापुढं हा प्रश्न ठेवला की लिहिणाराही थबकून विचार करतो. ऐकीव गोष्ट 'पाहिली' म्हणून लिहायचा मोह कमी होतो, आणि आरोपीलाही न्याय मिळतो. या सगळ्यात आरोपीचे हक्क विसरून चालत नाही. चौकशीत काहीच निघालं नाही तर त्याच्या नावाची कुजबुज आयुष्यभर चालू राहू नये, म्हणून त्याचं नावही कळवणाऱ्याच्या नावाइतकंच गुप्त ठेवायचं.

तिसरा प्रश्न कागद कसे मिळाले याचा. इथं कायदा थेट आड येतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या १९३७ क्रमांकाच्या निर्देशात जागल्याला, म्हणजे गैरप्रकार कळवणाऱ्याला, मोठं संरक्षण आहे. माहिती मिळवल्याबद्दल त्याच्यावर जबाबदारी येत नाही. अट अशी की माहिती मिळवण्याची कृतीच स्वतंत्र गुन्हा असता कामा नये. कामाच्या ओघात समोर आलेल्या बिलाची प्रत आणि दुसऱ्याचा पासवर्ड वापरून काढलेले मेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मच्या सुरुवातीलाच ठळक लिहावं: पुरावा गोळा करण्यासाठी कुलूप तोडू नका, कुणाचं खातं उघडू नका, चोरून रेकॉर्डिंग करू नका. काय आणि कुठं आहे एवढं सांगा, शोधायचं काम आमचं.

डॉक्टर, वकील, हिशेबनीस यांच्या संस्थांत आणखी एक गाठ असते, व्यावसायिक गुप्ततेची. युरोपीय निर्देशानं वकील-अशील आणि वैद्यकीय गुप्ततेला हात लावलेला नाही. उलट लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत १५ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदीमुळं, अशिलानं केलेला कायदेभंग ठरावीक परिस्थितीत, जनहितासाठी, योग्य अधिकाऱ्याला कळवणं हा गुप्ततेचा भंग ठरत नाही. म्हणजे एकाच प्रकारच्या माहितीला पेशानुसार नियम वेगळे. प्रश्नावलीत पेशा विचारण्याऐवजी 'यात रुग्णाची किंवा अशिलाची खासगी माहिती आहे का?' असं विचारावं, आणि 'हो' म्हटलं की नावं झाकून मगच फाइल जोडायची सूचना उघडावी.

प्रश्न एकूण दहा-बारा पुरेत. वीसच्या पुढं गेलं की माणूस अर्ध्यात सोडून जातो. सक्तीचे फक्त दोन: काय घडलं, आणि कधी. तारखेलाही 'अंदाजे' ची मुभा ठेवावी, कारण अचूक तारीख माहीत असलेला माणूस कधी कधी एकच असतो.

सात दिवस, तीन महिने

तक्रार आल्यावर वाचकांना मेल जातो. त्यात मजकूर नसतो, फक्त नवं काही आल्याची खबर आणि दुवा. पीजीपी ही मेलसाठीची एन्क्रिप्शनची किल्ली भरली तर मेलही एन्क्रिप्ट होतो. इथपर्यंत यंत्र चोख आहे. पुढं माणसं लागतात.

युरोपीय निर्देशाप्रमाणं तक्रार मिळाल्याची पोच सात दिवसांत आणि काय केलं याची माहिती त्यानंतर तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना आतली कळवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. ज्यांना हा कायदा लागू नाही त्यांनीही या दोन मुदती उचलाव्यात, कारण त्यामागं अनुभवाचं शहाणपण आहे. सात दिवसांत उत्तर दिसलं नाही की कळवणारा दोन गोष्टी करतो: गप्प बसतो, किंवा बाहेर जातो. सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालात उघड झालेल्या अपहारांपैकी ४३ टक्के कुणीतरी कळवल्यामुळं सापडले होते, आणि कळवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कर्मचारीच होते. लेखापरीक्षणापेक्षा ही वाट कितीतरी जास्त काम करते.

पोच म्हणून 'आपली तक्रार मिळाली, योग्य ती कार्यवाही होईल' असं लिहू नये. त्यात कळवणाऱ्याला काहीच मिळत नाही. पहिल्या उत्तरात तीन गोष्टी हव्यात: कुणी वाचलं, पुढचं पाऊल कोणतं आणि कधीपर्यंत, आणि आत्ता लागणारा एक नेमका प्रश्न. 'आम्ही दोघांनी वाचलं. मार्च ते जूनची खरेदी बिलं नेहमीच्या तपासणीत मागवतोय, त्यामुळं कुणाला शंका येणार नाही. तिसऱ्या कोटेशनवर शिक्का होता का?' असं उत्तर वाचलं की माणूस परत येतो. 'नेहमीच्या तपासणीत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तक्रार आल्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त तेवढीच फाइल मागवली, तर सोळा आकडे काहीही वाचवू शकत नाहीत.

तक्रारीला नवी, उघडलेली, बंद अशा अवस्था आहेत आणि आपल्या पोटअवस्था जोडता येतात. त्यात 'थांबवली: ओळख फुटण्याचा धोका' ही एक जरूर असावी. बंद करताना कारण लिहिणं वाचकांनी आपसांत सक्तीचं करून घ्यावं.

आणि सर्वांत मोठा मोह टाळायचा तो हा: 'पण हे लिहिलं कुणी?' २०१६ मध्ये बार्कलेज बँकेकडं नव्यानं घेतलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याबद्दल निनावी पत्रं आली. मुख्य कार्यकारी अधिकारी जेस स्टेली यांनी पत्र कुणी लिहिलं ते शोधायला बँकेच्या सुरक्षा विभागाला कामाला लावलं. मे २०१८ मध्ये ब्रिटनच्या दोन नियामकांनी त्यांना मिळून ६,४२,४३० पौंडांचा दंड ठोठावला, आणि त्याच वर्षाअखेर न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकानं बँकेला दीड कोटी डॉलर. पत्र खरं की खोटं हा मुद्दाच नव्हता, लिहिणाऱ्याच्या मागं लागणं हीच चूक ठरली. वाचकांच्या लेखी हमीत हे वाक्य पहिलं असावं: मी कळवणाऱ्याची ओळख शोधणार नाही आणि इतरांना शोधू देणार नाही.

सूड घेतल्याचा आरोप झाला तर काय, हेही वरिष्ठांनी जाणून घ्यावं. युरोपीय निर्देशात सिद्ध करण्याचा भार उलटा आहे. कर्मचाऱ्यानं आपण कळवलं आणि नंतर नुकसान झालं एवढं दाखवलं की, बदली किंवा बढती रोखणं रास्त कारणांनीच झालं हे मालकाला सिद्ध करावं लागतं. म्हणून ग्लोबालीक्समधली वेळेसकट राहणारी कारवाईची नोंद दोन्ही बाजूंना उपयोगाची आहे.

फाइली, मुदत, बॅकअप

जोडलेल्या फाइलींत माणसाची सही लपलेली असते. वर्डच्या फाइलीत लेखकाचं नाव, फोटोत कॅमेऱ्याचं मॉडेल आणि ठिकाण. बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटरच्या कागदावर फिकट पिवळे ठिपके उमटतात, त्यांतून यंत्राचा क्रमांक आणि वेळ वाचता येते. कळवणाऱ्याला सोपा उपाय सांगावा: कागदाचा मजकूर टाइप करा, किंवा फोटो काढून त्याचा स्क्रीनशॉट जोडा. वाचकांसाठीही नियम हवा. तक्रार उतरवून ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवली की सॉफ्टवेअरचं संरक्षण तिथंच संपलं. ती शेअर्ड ड्राइव्हवर जाते, रात्रीच्या बॅकअपमध्ये जाते, कुणीतरी चुकून मेलला जोडतो. वाचायचं ते आतच वाचावं. फाइल उघडणं भागच असेल तर नेटवर्कला न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर. आलेल्या फाइलीत व्हायरस असू शकतो, हे दुसरं कारण.

प्रत्येक चॅनेलसाठी, म्हणजे तक्रारी घेण्याच्या प्रत्येक वाटेसाठी, तक्रार किती दिवसांनी आपोआप पुसली जावी ते ठरवता येतं, आणि चौकशी चालू असेल तर वाचक मुदत वाढवू शकतात. छान सोय आहे. मात्र सर्व्हरचा वर्षभराचा बॅकअप दुसरीकडं साठत असेल तर काहीच पुसलं गेलेलं नाही. बॅकअपची मुदत तक्रारीच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवू नये. आणि कोर्टात दावा उभा राहण्याची चिन्हं असतील तर आपोआप पुसणं ताबडतोब थांबवावं. त्या स्थितीत पुसलेली तक्रार म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा ठपका.

कुणी दुसरं काही घ्यावं

पत्रकारांच्या कचेरीला, जिथं समोरचा सरकारी यंत्रणेशी झुंजतोय, तिथं सिक्युअरड्रॉप हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर जास्त योग्य. ते फक्त टॉरवर चालतं आणि नेटवर्कपासून तोडलेल्या वेगळ्या संगणकावरच फाइली उघडतं. पण त्याची देखभाल जड आहे आणि साध्या कर्मचाऱ्याला टॉरची सक्ती झेपत नाही. वीस-पंचवीस माणसांच्या फर्मला यातलं काहीच नको. एवढ्या लोकांत लिहिण्याच्या धाटणीवरून माणूस ओळखू येतो. तिथं बाहेरचा एखादा विश्वासू वकील किंवा निवृत्त अधिकारी नेमून त्याचा खासगी फोन नंबर सगळ्यांना द्यावा. ईमेलचा 'एथिक्स' पत्ता मात्र कुणीच ठेवू नये. मेल सर्व्हरच्या नोंदी प्रशासकाला दिसतात आणि एका चुकीच्या 'रिप्लाय ऑल'नं सगळं उघडं पडतं.

सुरू करण्याआधी

चाचणी अशी घ्यावी. वेगवेगळ्या विभागांतल्या तीन कर्मचाऱ्यांना विश्वासात घेऊन खोट्या तक्रारी लिहायला सांगाव्यात, बाहेरून, आपापल्या फोनवरून. कोण लिहिणार हे वाचकांना सांगायचं नाही. आठव्या दिवशी तिघांनी आपापले सोळा आकडे टाकून पाहायचे: उत्तर आलंय का, त्यात नेमका प्रश्न आहे का. आयटीवाल्यांनी त्याच दिवशी फायरवॉल, प्रॉक्सी आणि मेलच्या नोंदी चाळून या तीन भेटींचा माग लागतो का ते बघायचं. मग वाचकांना एका खोलीत बसवून, फक्त या चाचणीपुरतं, विचारायचं की लिहिणारे कोण असावेत. एकानं जरी एक नाव बरोबर सांगितलं, तर ते कोणत्या उत्तरावरून कळलं हे त्याच्याकडूनच काढून घ्यायचं, तो प्रश्न प्रश्नावलीतून वगळायचा, आणि नव्या तिघांना घेऊन चाचणी पुन्हा करायची. जिन्यातली सूचना त्यानंतर लावायची.